ताट नंतर, आधी किराण्याची यादी: ‘दिवसाचं ताट’ घरात कसं उतरवायचं

आहाराचा तक्ता फ्रीजवर चिकटवला की आमच्याकडे तीन आठवडे टिकतो. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे बघून जेवण होतं, दुसऱ्यात जेवून झाल्यावर नजर जाते आणि तिसऱ्यात त्याच्या कडेला दुधाचा हिशोब लिहिलेला असतो. दोनदा असं झाल्यावर मी तक्ता काढून टाकला आणि मागच्या महिन्याची किराण्याची पावती हातात घेतली. तिथून गाडी जरा रुळावर आली. त्याच पद्धतीने घरात काय काय करता येतं, ते इथे लिहिते आहे.

तक्ता कुठला, ते आधी सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 8 मे 2024 रोजी भारतीयांसाठीच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांची नवी आवृत्ती काढली. याआधीच्या आवृत्त्या 1998 आणि 2011 सालच्या. नव्या पुस्तिकेत 17 सूचना आहेत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छत्राखालची ही संस्था 1918 साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू झाली होती. म्हणजे जास्त पॉलिश केलेल्या तांदळामुळे होणारा आजार अभ्यासता अभ्यासता उभी राहिलेली ही संस्था. आपण काय जेवतो हे तिला वरवरचं माहीत नाही. पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. इंग्रजीत आहे आणि बरीच जाडही आहे, पण रोजच्या कामाला तिच्यातलं एक पान पुरतं: ‘माय प्लेट फॉर द डे’. मी त्याला दिवसाचं ताट म्हणते.

ताटावर काय लिहिलंय

दिवसाला 2000 कॅलरीचा हिशोब धरून एका माणसासाठी असं माप दिलं आहे: धान्यं 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम (अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांसाठी ते यातच), पालेभाज्या धरून भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या बिया आणि सुकामेवा 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिली. सगळं मिळून साधारण 1200 ग्रॅम. बटाटा भाज्यांच्या 400 ग्रॅममध्ये धरलेला नाही. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने वाचलं तेव्हा थोडी शांतता पसरली होती.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवायच्या. एक, ही सगळी मापं कच्च्या, न शिजवलेल्या जिनसांची आहेत. 85 ग्रॅम डाळ म्हणजे वाटीभर वरण नव्हे. हा घोळ मी स्वतः सहा महिने घातला. दोन, हे ताट एका जेवणाचं नाही, अख्ख्या दिवसाचं आहे. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या दुधापर्यंत सगळं त्यात बसवायचं.

यामागचा विचार समजला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. आपल्याकडे निम्म्याहून जास्त, काही घरांत 70 टक्क्यांपर्यंत ऊर्जा नुसत्या धान्यांतून येते; ती 45 टक्क्यांच्या आत आणा, असं पुस्तिका म्हणते. डाळी, अंडी, मांसाहार मिळून जेमतेम 6 ते 9 टक्के येतात. ते 14-15 पर्यंत न्या. म्हणजे पोळी-भात खाली, डाळ आणि भाजी वर. बाकी बारकावे याच एका हालचालीचे आहेत.

पहिलं काम: पावती आणि डबे

वजनकाटा काढण्याआधी मागच्या महिन्याची पावती काढा. पावती नसेल तर महिनाअखेरीला डब्यांत काय उरलंय ते बघून अंदाज घ्या. मग त्या महिन्यात घरी जेवलेली माणसं मोजा. लहान मूल अर्धा माणूस धरलं तरी चालेल, हा काही कोर्टातला पुरावा नाही.

चार मोठ्या माणसांचं घर असेल तर महिन्याला ताटाप्रमाणे होतं ते असं. सगळी धान्यं मिळून 30 किलो. तेल-तूप सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे साडेतीन लिटर. मीठ जास्तीत जास्त 600 ग्रॅम, कारण दिवसाला माणशी 5 ग्रॅम ही मर्यादा आहे. साखर आणि गूळ मिळून 3 किलोच्या आत, तेही बिस्किटं आणि सरबतांतली साखर धरून. आणि डाळी, कडधान्यं, बेसन, फुटाणे सगळं मिळून 10 किलो.

हा दहा किलोचा आकडा वाचून माझ्या सासूबाई हसल्या. “अगं, दहा किलो डाळ? लग्नकार्य आहे का घरात?” आमची पावती सांगत होती तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, मटकी अर्धा, बेसन अर्धा. चार किलो. म्हणजे माणशी रोज 33 ग्रॅम, हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि आम्ही रोज वरण खाणारी माणसं!

तेलाचं उलट. पाच लिटरचा डबा महिन्याला संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम होतात. शिवाय बाहेरची भजी, फरसाण, हॉटेलची भाजी पावतीत येत नाहीत. मिठाचा एक किलोचा पुडा महिन्यात संपला तर माणशी 8 ग्रॅमच्या वर गेलात. लोणचं, पापड, वेफर्स त्याहून वेगळे.

यादी किराण्याची असली तरी भाजीची पिशवी विसरू नका. चार माणसांना दिवसाला 1600 ग्रॅम म्हणजे आठवड्याला 11 किलो होते, तीही निवडून, सोलून उरलेली. फळं आठवड्याला तीन किलोच्या आत, दूध दिवसाला 1200 मिली. भाजीचा आकडा बघून खचू नका. आम्ही अजूनही रोज 400 ला पोचत नाही. 180 वरून 320 च्या आसपास आलोय आणि तेवढ्याने ताटाचं रूप पालटलंय.

पावतीसमोर प्रत्येक जिनसाचा बाण काढा: वर, खाली किंवा ठीक. आमच्या पहिल्या पावतीवर डाळ वर, भाजी वर, फळ वर, तेल खाली, मीठ खाली आणि दूध ठीक होतं. असे तीन बाण मिळाले तरी कामाला लागता येतं.

दुसरं काम: आपली भांडी एकदा तोलून घ्या

रोज वजन करत बसायचं नाही. एका रविवारी अर्धा तास काढून आपल्या घरची मापं एकदाच तोला आणि कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून लावा. ‘एक वाटी’ म्हणजे किती हे प्रत्येक घरात वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्याचं माप उपयोगाचं नाही.

आमचं सांगते. पोळीच्या कणकेचा गोळा 40 ग्रॅम, त्यात कोरडं पीठ 25. घडीची पोळी मोठी लाटली तर पीठ 35 पर्यंत जातं. ज्वारीची भाकरी 70. आमटीच्या पळीत तेल 18 ग्रॅम. फोडणीला ‘एक पळी’ म्हणत गेलो की दोन फोडण्यांतच एका माणसाचं दिवसाचं तेल संपतं. घरात चार माणसं आहेत हे खरं, पण फोडण्याही दोनच नसतात.

सगळ्यात मोठा धडा वरणाने दिला. चार माणसांच्या वरणाला मी जी डाळ लावत होते ती काट्यावर 70 ग्रॅम भरली. माणशी 17 ग्रॅम. पातेलंभर दिसायचं, कारण त्यात पाणी होतं. पातळ वरणाची चव मला आवडते, भातावर ते पसरलं पाहिजे, पण ते डाळीच्या खात्यात जेमतेम जमा होतं.

तेलासाठी एक सोपी युक्ती: 15 मिलीचा मोजमापाचा चमचा. असे दोन चमचे म्हणजे 30 मिली, म्हणजेच जवळपास 27 ग्रॅम, एका माणसाचं दिवसाचं तेल-तूप. महिन्याचं तेल एकाच बरणीत काढून ठेवा. पंधरा तारखेला बरणी निम्म्याच्या खाली गेली की कोणाला सांगावं लागत नाही, स्वयंपाक करणाऱ्याचा हात आपोआप आखडतो.

तिसरं काम: आधी डाळ वाढवा, मग भाजी, आणि पोळी सगळ्यात शेवटी कमी करा

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण पहिल्या दिवशी पोळ्या चारच्या दोन करतात. दुपारी चार वाजता पोटात कावळे ओरडतात, हात बिस्किटाच्या डब्यात जातो आणि सगळा बेत बारगळतो. आधी डाळ आणि भाजी ताटात येऊ द्या. पोट भरायला लागलं की एक पोळी आपसूक मागे पडते.

डाळ वाढवायची म्हणजे वरण दुप्पट करायचं असं नाही. मराठी स्वयंपाकात डाळ लपून बसायच्या जागा भरपूर आहेत. पिठलं आणि झुणका म्हणजे बेसन, म्हणजे डाळच. मेथी, चाकवत, अंबाडी या पालेभाज्यांत डाळ आणि बेसन घालायची आपली रीतच आहे. आठवड्यातून चारदा उसळ होऊ दे: मटकी, मूग, चवळी, वाल, मसूर, हरभरा. थालीपिठाच्या भाजणीत हरभरा आणि उडीद असतात, त्यांचं प्रमाण थोडं वाढवून दळून आणता येतं. संध्याकाळी चहाबरोबर मूठभर फुटाणे. धिरडं मुगाचं करा, रव्याचं नको. मेतकूट चमचाभरच खाल्लं जातं, पण तेही डाळीचंच. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांचा मार्ग सोपा आहे. तो दिवस डाळीचा थोडा हलका गेला तरी चालतो. फक्त रस्सा तेलात तरंगता नको.

एक इशारा: हे एकदम करू नका. मी पहिल्याच आठवड्यात रोज उसळ केली आणि घरातल्या मंडळींनी तिसऱ्या दिवशी गॅसमुळे असहकार पुकारला. कडधान्यं 8-10 तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, मोड आणा, पूर्ण शिजवा, फोडणीत हिंग-ओवा घाला. आठवड्याला एक उसळ वाढवत गेलात तर पोटाला सवय होते. पाणीही त्या प्रमाणात वाढवा, नाहीतर तंतुमय पदार्थांनी उलट बद्धकोष्ठ होतं.

भाजीचं गणित मी तीन खात्यांत मांडते: शिजवलेली भाजी दोन वेळा, कच्चं एकदा आणि नाश्त्यात थोडी. माणशी 150 ग्रॅम भाजी एका वेळेला, दुसऱ्या वेळेला 100 ग्रॅम पालेभाजी, 100 ग्रॅम कोशिंबीर आणि पोह्या-उपम्यात 50 ग्रॅम गाजर, मटार, फरसबी. झाले 400. अडचण भाजी आवडण्याची नसते, निवडण्याची असते. मेथीची जुडी कोण निवडणार, यावर बऱ्याच घरांचा आहार ठरतो. रविवारी दोन जुड्या निवडून कापडात गुंडाळून ठेवल्या तर मंगळवारपर्यंत पालेभाजी होतेच. टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात शेंगा द्या. आमच्याकडे हे काम सासऱ्यांनी घेतलंय आणि गवारीच्या शिरा काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

लोणचं म्हणजे भाजी नव्हे. टोमॅटो सॉसही नव्हे. कोथिंबीर भाजीत धरायची असेल तर ती चिमूटभर भुरभुरून चालणार नाही, चटणी करून खावी लागेल.

धान्यात काय खायचं यावर खूप भांडणं होतात. मला त्यात फार दम वाटत नाही. गहू सोडा, तांदूळ सोडा असं पुस्तिका म्हणत नाही. एक वेळ ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा नाचणी आली की पुष्कळ झालं. नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध न पिणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. नाचणीची बिस्किटं मात्र आधी उलटी करून वाचा. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल आणि सातव्या नंबरावर नाचणी असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. मिठासाठीही तोच पुडा बघा: सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ मिळतं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ.

बियांच्या 35 ग्रॅमसाठी बदाम-अक्रोडाच्या भावाकडे बघून हळहळायची गरज नाही. आपल्या कोशिंबिरीतलं, भाजीतलं दाण्याचं कूट त्याच खात्यात जमा होतं. जवस, कारळे, तीळ यांच्या चटण्या पूर्वापार आहेत. जवसात ओमेगा-3 गटातला स्निग्धांश असतो, जो शाकाहारी जेवणात इतर ठिकाणी फारसा सापडत नाही. चटणीवर तेलाची धार मात्र ओतू नका, ती दुसऱ्या खात्यातून जाते. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तळायला नको. भाजीला वापरून एक-दोन दिवसांत संपवा.

चहाबद्दल पुस्तिकेत एक कामाची गोष्ट आहे: जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतं. आपण पालक-मेथी खायची आणि वर लगेच चहा प्यायचा, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. त्याऐवजी जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा, पेरू खा. क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जायला मदत होते.

एक दिवस मांडून बघू

हे सगळं खरोखर बसतं का, हे पाहण्यासाठी मी एका गुरुवारी एका माणसाचं ताट सकाळपासून मांडलं.

सकाळी पोहे 40 ग्रॅम, त्यात मटार-गाजर-फरसबी 50 आणि शेंगदाणे 10. बरोबर कपभर दूध, 150 मिली. अकराच्या सुमाराला एक मध्यम पेरू, 100 ग्रॅम. दुपारी चार पोळ्या, म्हणजे पीठ 100. मेथी 100 ग्रॅम, तिच्यात मूगडाळ 15. मटकीची उसळ, कोरडी मटकी 30. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर 100, त्यात कूट 10. 100 ग्रॅम दह्याचं ताक. चारला चहा, त्यात दिवसभराचं मिळून दूध 50, आणि फुटाणे 15. रात्री ज्वारीची एक भाकरी 70, भात 40 ग्रॅम तांदळाचा, वरण 25 ग्रॅम डाळीचं, दोडक्याची भाजी 150, जवसाची चटणी 15.

बेरीज करा: धान्य 250, डाळी 85, भाज्या 400, फळ 100, बिया 35, दूध-दही 300. तेलाला उरले 27 ग्रॅम: पोह्यांना 5, मेथीला 6, उसळीला 6, वरणाच्या फोडणीला 4, दोडक्याला 6. पोळीला तूप लावलंत तर यातून वजा होईल. हे ताट बघून नवरा म्हणाला, “एवढं सगळं एका माणसाचं?” एवढं सगळं म्हणजे भाजी. पोळ्या तर त्याने नेहमीपेक्षा एक कमीच खाल्ली होती.

रोज इतकं नेमकं होणार नाही. बुधवारी मिसळ होईल, शनिवारी साबुदाण्याची खिचडी होईल, कोणाच्या घरी वाढदिवस निघेल. हिशोब आठवड्याचा ठेवा. उपासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा दोन्ही पिष्टमय, तेव्हा वरी-राजगिरा, दही, काकडी आणि फळ यांना जागा द्या.

आपल्या मापाचं ताट

2000 कॅलरी हे मधलं माप आहे. याच संस्थेच्या 2020 च्या कोष्टकाप्रमाणे बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या स्त्रीला दिवसाला साधारण 1660 कॅलरी लागतात, बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला 2110. मध्यम कष्टाच्या कामात हेच आकडे 2130 आणि 2710 होतात. म्हणजे दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या बाईने हे ताट जसंच्या तसं खाल्लं तर वजन वाढेल.

कुठून कमी करायचं? धान्य आणि तेल यांतून. डाळ, भाजी, दूध यांना हात लावू नका, त्यांची गरज बसून राहिल्याने घटत नाही. शेतात, बांधकामावर, हमालीत राबणाऱ्यांनी धान्य वाढवायचं, आणि थोडं तेल. गरोदरपणात 350 कॅलरीची भर सांगितली आहे, अंगावर पाजताना पहिले सहा महिने 600. दोन जिवांचं म्हणून दुप्पट जेवायची गरज नाही.

काही जणांनी मात्र हे ताट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ, फळं, पालेभाज्या, दूध यांचं माप वेगळं असतं. त्यांनी ‘कमी सोडियमचं मीठ’ही परस्पर आणू नये, कारण त्यात पोटॅशियम असतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम कमी केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पूर्ण शाकाहारी मंडळींनी बी-12 तपासून घ्यावं. ते डाळ-भाजी कितीही वाढवली तरी मिळत नाही.

आता पाय

व्यायामाचं प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण बहुतेक घरांत ते आहाराच्या बदली खात्यात टाकलं जातं. “सकाळी चालून आलोय, दे एक वडा.” अर्धा तास भरभर चालून साधारण 120 ते 150 कॅलरी खर्च होतात, एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. चालण्याचा फायदा हृदयाला, साखरेला, झोपेला, सांध्यांना आहे. तो वड्याशी बदलून घेण्यात घाटा आहे.

मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं माप असं: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं. पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही.

मध्यम श्रम ओळखायला घड्याळ नको. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, अशी गती हवी. गप्पा मारत रेंगाळत केलेल्या फेऱ्या मी आमच्या सोसायटीत रोज बघते. त्याने जीव रमतो, तेही काही कमी नाही, पण 150 मिनिटांत त्या फार धरू नका. मिनिटाला 100 पावलं पडली की गती बरोबर आहे.

सुरुवात शतपावलीने करा. शब्दाप्रमाणे शंभरच पावलं टाकलीत तर एका मिनिटात उरकते! तीच ताणून दहा-पंधरा मिनिटं केली, दोन्ही जेवणांनंतर, तर जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते आणि आठवड्याची 150 मिनिटं वेगळा वेळ न काढता जवळपास जमतात. पहिले दोन आठवडे एवढंच. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ कुठेतरी वीस मिनिटं भरभर चालणं घाला. पाचव्या आठवड्यात ताकदीचा व्यायाम.

ताकदीचा व्यायाम म्हणजे जिमच असं नाही. जोर-बैठका आपल्याच मातीतल्या. वय किंवा वजन जास्त असेल तर जोर भिंतीला हात टेकून काढा, बैठका खुर्चीवर बसून-उठून. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठता येतं का ते बघा. आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी चारला सोडून दिलं आणि दोन महिन्यांनी बारा मारले. पायऱ्या चढणं, पाण्याची बादली दोन्ही हातांनी आलटून पालटून उचलणं, सूर्यनमस्कार, सगळं चालतं. सूर्यनमस्कार पहिल्या दिवशी बारा घालायला जाऊ नका. दोन घाला, आठवड्याला एक वाढवा. पाठीच्या मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या. छातीत दाब, चालताना अनैसर्गिक दम, चक्कर असं काही जाणवलं तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

बसून काम करणाऱ्यांसाठी अजून एक: अर्ध्या-पाऊण तासाने उठा. फोन आला की उभं राहून बोला. सकाळी तासभर व्यायाम आणि मग नऊ तास खुर्चीला चिकटून, असा दिवस शरीराला पुरेसा हलता वाटत नाही.

दर महिन्याला काय बघायचं

वजन रोज करू नका, आठवड्यातून एकदा पुरे. त्याहून कामाची आहे शिवणकामाची टेप. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. भारतीय पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर ही सीमा मानतात. बीएमआयसाठीही (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) आपल्याकडे 23 पासून पुढे जास्त वजन धरतात, 25 पासून नव्हे.

आणि पुन्हा तीच पावती. आमच्या गेल्या महिन्याच्या पावतीत डाळी-कडधान्यं साडेसात किलो होती, तेल चार लिटरवर आलं होतं. मिठाचा पुडा फोडला की मी त्याच्यावर पेनाने तारीख घालते. चार माणसांत किलोभर मीठ 50 दिवस पुरायला हवं. मागचा पुडा 41 दिवस चालला. सासूबाई म्हणतात, त्यातले सहा दिवस कैरीच्या लोणच्याचे धर. मी धरले नाहीत.